उठता बाजार

शनिवारी रात्री बाजार उठायला लागतो
तेव्हा आम्ही निघतो. आधी नाही.
आधी जातात ते पैसेवाले.
मी मागावरून सुटतो आठला,
कानात धोटा अजून चाललेला, खट-खट, खट-खट,
आणि रेवा दारात दोन पिशव्या घेऊन उभी.

पोत्यावर मेथी निम्मी झोपलेली.
बाई म्हणते, 'हत्तु रुपाय, मूरू पेंडी.'
मी म्हणतो, 'नाल्कु माडव्वा, मनी होगु.'
भाव कानडीत, हिशोब मराठीत,
आणि पिशवीचा बंद तुटला की शिवी
जी आधी सुचेल त्या भाषेत.

सहाशे रुपये. तीन तोंडं. सात दिवस.
चौथं तोंड म्हापशाला,
कुणाच्या म्हातारीच्या उशाशी बसायचं काम.
पगार बरा. म्हातारी बरी नाही.
म्हातारी बरी झाली तर पगार थांबेल,
हे आम्ही घरात बोलत नाही.

रविवारी दोनला गॅस पेटवायचा, पाचला बंद.
एकाच बर्नरवर;
दुसरा दिवाळीपासून नुसता फुसफुसतो.
कुकरात खाली अख्खा मसूर, वरच्या डब्यात बटाटे,
बटाट्यांच्या फटीत समर्थची दोन अंडी.
दोन किलो कांदा एकदम चिरून टाकायचा.
आठवड्याचं रडणं एका बैठकीत.

निम्मा कांदा तांबूस करून बरणीत:
तोच सोमवारी मसुरात, मंगळवारी बटाट्यात,
बुधवारी कण्या घातलेल्या अंबाडीत.
गुरुवारी झुणका. शुक्रवारी
जे उरलंय त्याला आम्ही भाजी म्हणतो.
तेल कस्तुरी पळीने घालायची,
मी चमच्याने मोजतो,
रेवा चमचा बोटाने निपटते.

खलबत्ता समर्थकडे.
त्या दिवशी तो कुणावर चिडलेला असला
की शेंगांची चटणी बारीक होते.
परवा तर पीठच झालं होतं तिचं.
मी काही विचारलं नाही, लसूण पुढे सरकवला.

फ्रीज शेजारच्या नीलव्वाचा.
खालचा कप्पा आमचा,
भाडं दर रविवारी वाटीभर चटणी.
कडक भाकऱ्याही तिच्याच,
पाचाला एक, चंद्रासारख्या पातळ,
हातात धरल्या तर कडेवरून उजेड दिसतो.
दिवसाला पाच. सहा दिवस. तीस.
सातवा दिवस भाताचा.

पाचला फोन येतो. 'काय करूलालासा?'
रेवा डबे वाचून दाखवते, झाकणं वाजवत.
तिकडून कस्तुरी विचारते, हिंग घातलास?
मी मान हलवतो. फोनवर. मग म्हणतो, हो.
हिंग संपून पंधरा दिवस झालेत.

एकदा वही चाळत होतो.
मेथी दहा, मीठ, काडेपेटी, कण्या,
भाकऱ्या दीडशे,
आणि खाली रेवाच्या अक्षरात: इतर, दहा.
दर आठवड्याला इतर, दहा.
पोरगी बारा वर्षांची. म्हटलं, असू दे,
बोरं खात असेल शाळेच्या दारात.

मग पिठाचा डबा काढताना
फळीवर मागे सापडला पत्र्याचा चौकोनी डबा,
जुन्या पेपरात गुंडाळलेल्या आठ भाकऱ्या.
पेपरावर पेनने तारखा. दोन-दोनच्या.
महिना होऊन गेलेल्या दोन
ती आमच्या तिसात घालते, नव्या तिथे ठेवते.
चारदा मोजल्या होत्या मी त्या भाकऱ्या,
आणि कधी बत्तीस भरल्या तर वाटायचं
नीलव्वाचा हात सैल आहे.

'कडक भाकरी टिकते महिनाभर,'
एवढंच म्हणाली रेवा, डबा हातातून घेत,
'आई काय सांगून येणाराय होय?'

पुढच्या शनिवारी
मेथीवाल्या बाईशी मी जरा जास्तच भांडलो.
'ऐदु माडव्वा,' म्हटलं, 'ऐदु.'
तिने वर बघितलं, पोत्याची घडी घातली,
आणि पाचवी पेंडी
न बोलता रेवाच्या पिशवीत टाकली.